एकाच जोडीवर दोन ॲम्प्ली

आमच्या घरात ॲम्प्लिफायर दोन होते आणि स्पीकरची जोडी एकच. ही व्यवस्था कितीतरी वर्षं बिनबोभाट चालली, याचं श्रेय विजेच्या कुठल्याही नियमाला नव्हतं, कंपन्यांच्या शिफ्टला होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, कायम पहिल्या शिफ्टला असायचे, आणि त्यांचा धाकटा भाऊ बापूकाका कायम दुसऱ्या. सकाळी अण्णा डबा घेऊन बाहेर पडले की काका उठायचा, आणि दुपारी अण्णा घरी येऊन हातपाय धुवेपर्यंत काकाची सायकल गेलेली असायची. अण्णांची सुट्टी गुरुवारी, काकाची रविवारी. दोघे सख्खे भाऊ एका छपराखाली राहायचे, एका तव्यावरची भाकरी खायचे आणि एकमेकांना बहुतेक वेळा झोपलेले पाहायचे.

छप्पर म्हणजे पत्र्याचं. चिंचवडच्या गावठाणाच्या कडेला दगडूमामांनी आपल्या गोठ्याला लागून ओळीने खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या दोन आमच्याकडे. दगडूमामा मूळ गावचे शेतकरी. जमिनीचा मोठा भाग कंपनीत गेलेला, उरलेल्या तुकड्यावर आमच्यासारखी बाहेरून आलेली माणसं. आम्ही उस्मानाबादकडचे. आईच्या स्वयंपाकातून ते कधीच गेलं नाही. येसर मसाल्याची आमटी उकळायला लागली की शेजारच्या कोकणातल्या बाई दारात येऊन विचारायच्या, आज काय केलंय. त्यांना तो वास आवडायचा की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पहाटे म्हशीच्या धारेचा आवाज, मग कंपनीचा भोंगा, मग लोणावळ्याकडून येणारी गाडी, मग आईच्या हातची भाकरी थापल्याचा आवाज. आमच्याकडे घड्याळ होतं, पण त्याच्याकडे पाहायची वेळ क्वचितच यायची.

स्पीकरच्या पेट्या अण्णांनी स्वतः केल्या होत्या. त्यांच्या खात्यात मशीन ज्या लाकडी खोक्यांतून यायची, त्या फळ्या साहेबांना विचारून घरी आणल्या, रंधा मारला, आतून जुनी गोधडी ठोकली आणि बाहेरून पॉलिश केलं. आतले स्पीकर काकाच्या पहिल्या बोनसमधून आले. त्यामुळे जोडी कोणाची, हा प्रश्न कधी निघाला नव्हता. लाकूड एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, असं आई म्हणायची. अण्णांचा ॲम्प्लिफायर पिंपरी कॅम्पातल्या एका मेकॅनिकने जोडून दिलेला, लाकडी डब्यातला, कुठल्याही कंपनीचं नाव नसलेला. त्यावर ते गावाकडच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी लावायचे, गावी गेल्यावर स्वतः भरून आणलेल्या. त्यात मृदंगाइतकाच खोकलाही ऐकू यायचा, आणि कोण खोकतंय हे अण्णा आम्हाला सांगायचे. काकाचा ॲम्प्लिफायर कंपनीचा, काळा, आवाजाबरोबर वर-खाली होणारे लाल-हिरवे दिवे असलेला. काकाला सिनेमातली गाणी लागायची, आणि खालच्या पट्टीत ताटं थरथरतील इतका दणका लागायचा. घरात आम्ही दोन्ही यंत्रांना 'ॲम्प्ली'च म्हणायचो. दादाचा ॲम्प्ली, बापूचा ॲम्प्ली; काका अण्णांना दादा म्हणायचा.

काकाने आपला आणला तेव्हा स्पीकरच्या तारा काढून दुसऱ्याला लावायच्या, परत काढायच्या, हा रोजचा उद्योग कोण करणार म्हणून त्याने एका सकाळी सरळ दोन्हींच्या तारा स्पीकरच्या टोकांवर एकत्र पिळल्या आणि काळी टेप गुंडाळून टाकली. तेव्हापासून एक रिवाज पडला. एकाचा चालू असेल तर दुसऱ्याच्या खटक्याला हात लावायचा नाही. तो मोडायची वेळ येतच नसे, कारण दुसरा कंपनीत असायचा. सुट्टीच्या दिवशी दोघेही घरी असले तर ज्याचा आधी लागला त्याचं दुसऱ्याने ऐकून घ्यायचं. कॅसेटचा डेक एकच होता, त्यातून दोन तारा काढून दोन्ही ॲम्प्लींना दिलेल्या. दुपारी दोघांपैकी कोणीच नसलं की आई अण्णांच्या ॲम्प्लीवर रेडिओ लावायची आणि शेंगा फोडत बसायची. तिन्ही माणसांनी आपापले तास वाटून घेतलेले आणि त्याबद्दल कोणी कधी बोललेलं नाही, असं घर मी नंतर फार पाहिलं नाही.

आणि चौथी मी. बारावीनंतर मी घरात बसावं असं अण्णांचं मत होतं. ते वाईट मनाने नव्हतं; आमच्यात तोवर मुलगी काय, मुलगाही कॉलेजात गेला नव्हता. मला पुढे शिकवायचं हे काकाने त्यांच्या गळी उतरवलं. रविवारी रात्री जेवायला बसताना तो अण्णांच्या ताटाकडे न पाहता म्हणत राहिला, की आमच्या वर्कशॉपचे साहेब मीटर लावतात आणि मशीनला काय झालंय ते कपाळाला तेल न लागता सांगतात. आपल्या सुमनला ते का येऊ नये. मी बी.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आणि पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते, इथेही सांगते. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी खुशाल कंटाळावं.

मी दुसऱ्या वर्षाला असतानाची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्या भागात कामाच्या हत्यारांची आणि मशीनची पूजा असते. कंपनीत मशीन धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, नारळ फुटतो, पेढा वाटतात आणि माणसं लवकर घरी येतात. त्या वर्षी काकाच्या वर्कशॉपची पूजा सकाळीच उरकली आणि अण्णांच्या कंपनीचीही दुपारच्या आत झाली, त्यामुळे दोघेही एकाच वेळी घरी, नवे शर्ट घालून, कपाळाला गुलाल लावून. आईने कडाकण्या तळल्या होत्या. टेबलावर पांढरा पंचा अंथरून दोन्ही ॲम्प्ली शेजारी शेजारी ठेवले, पुढे अण्णांचा पान्ह्यांचा संच, काकाचा मापाचा व्हर्नियर, आईची विळी आणि कात्री, आणि काकाच्या आग्रहाने माझं सोल्डरिंग आयर्न. हळदकुंकू झालं, फुलं झाली, आरती झाली.

आमच्याकडे एक पद्धत होती, जी अण्णांनी खात्यातून घरी आणली होती. पूजा झाली की प्रत्येक यंत्र एकदा क्षणभर चालवून बंद करायचं. चाललं म्हणजे पूजा पोचली. मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. आईने विळीवर एक भेंडी चिरली. अण्णांनी पान्हा उचलून खाली ठेवला. आणि मग, आरतीच्या तबकावर हात फिरवून तो डोळ्यांना लावून झाल्यावर, अण्णांनी आपला खटका दाबला आणि काकाने आपला. दोघांनीही एकाच वेळी, कारण त्या दिवशी दोन्ही चालणं हाच रिवाज होता आणि दुसऱ्या रिवाजाची आठवण कोणालाच झाली नाही. डेकमध्ये गणपतीची आरती होती. तिचा पहिला शब्द मोठ्याने आला, दुसरा चिरकला, मग एक हुंकार आला तो वाढत गेला, काकाच्या ॲम्प्लीचे सगळे दिवे तांबडे होऊन तसेच राहिले आणि अण्णांच्या लाकडी डब्याच्या मागून धूर निघाला. उदबत्तीच्या धुरात तो आधी कळलाच नाही. वास आल्यावर कळला. जळलेल्या बेकलाइटचा तो वास मला पुढे नोकरीत शेकडो वेळा आला, आणि प्रत्येक वेळी मला तळलेल्या कडाकण्या आठवल्या.

त्यानंतर जे झालं ते ओरडून झालं नाही. काका म्हणाला, की दादाचं डबडं जुनं झालंय, त्यानेच माझा खाल्ला. अण्णा म्हणाले, की ते डबडं तू शाळेत होतास तेव्हापासून वाजतंय, तुझ्या दणक्यानेच ते गेलं. काका म्हणाला, की मी काही आजच दणका लावला नाही. आई मध्ये पडली, पेढे पुढे केले, ते कोणी घेतले नाहीत. पूजेत यंत्र जळलं हा अपशकुन दोघांच्याही मनात होता, आणि तो कोणाच्या नावावर टाकायचा एवढंच उरलं होतं. शेवटी अण्णा जे बोलले ते त्यांना बोलायचं नसावं. ते म्हणाले, "खोली माझ्या नावावर हाय, बापू. इथं काय लावायचं, कधी लावायचं, ते मी ठरवीन."

 काकाला अण्णांनी गावाहून आणलं तेव्हा तो हाफ पॅन्टीत होता. त्या दिवसापासून ती खोली त्याचीही आहे असं तो धरून चालला होता, आणि आम्हीही. दसरा झाला. सोनं वाटताना त्याने अण्णांच्या पायाला हात लावला, अण्णांनी डोक्यावर हात ठेवला, आणि दोघांनीही तोंड उघडलं नाही. दिवाळीच्या आधी मी तळवड्याला खोली बघतोय, हे त्याने आईला सांगितलं, अण्णा ऐकू शकतील एवढ्या आवाजात. तळवड्यात आता काचेच्या इमारती आहेत आणि माझ्या मामेबहिणीची मुलगी तिथे कामाला जाते. तेव्हा तिथे शेतं होती आणि अधूनमधून पत्र्याची वर्कशॉपं.

मग स्पीकरचं निघालं. आईने विचारलं, की सामान काय काय नेणार. काका म्हणाला, की गादी, पेटी, ॲम्प्ली आणि एक स्पीकर. आईला वाटलं तो चेष्टा करतोय. "एकच?" तिने विचारलं. "एक दादाचा, एक माझा," काका म्हणाला. अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले, की डावा ने, उजव्याला माझ्या हाताची जास्त मेहनत आहे. दगडूमामा भाडं न्यायला आले होते, दारात बसून हे सगळं ऐकत होते. त्यांच्या घरात जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या आणि त्यावरून कोर्टही झालं होतं. ते म्हणाले, "आमी रान वाटलं, त्येचं दोन तुकडं झालं, पर दोनी पिकत्यात तरी. तुमी ह्ये वाटून काय करनार? एकाला निस्तं टाळ ऐकू येनार आन् एकाला निस्ता मुरदुंग." कोणी हसलं नाही. आई हसायला हवी होती, ती तोंडाला पदर लावून उठून गेली.

मला त्या वेळी काय वाटलं हे मी फुगवून सांगत नाही. एवढं खरं, की मला दोघांच्या मध्ये राहायचा कंटाळा आला होता. मी तेव्हा एकच गोष्ट करू शकत होते आणि ती घरात दुसऱ्या कोणाला येत नव्हती. काका कामावर आणि अण्णा दगडूमामांच्या गोठ्याच्या दुरुस्तीवर असताना मी टेबल भिंतीपासून ओढलं, दोन्ही ॲम्प्ली उघडले आणि कॉलेजातून मागून आणलेला मीटर लावला. अण्णांच्या डब्यातले शेवटचे मोठे ट्रान्झिस्टर, जे स्पीकरला आवाज देतात, ते आरपार शॉर्ट झालेले. मीटरची सुई सरळ शून्यावर. काकाच्या ॲम्प्लीत नेमकी तीच जागा, तीच सुई, तसंच शून्य. बाकी सगळं दोन्हीकडे धड. दोन वेगळ्या वयाची, वेगळ्या घरात जन्मलेली यंत्रं एकाच क्षणी एकाच जागी मेली होती. मग मी स्पीकरच्या टोकांवरची काळी टेप सोडली आणि पिळलेल्या तारा पाहिल्या.

प्रॅक्टिकलला आमच्या मॅडमनी मला पहिल्याच महिन्यात वर्गासमोर उभं केलं होतं. मी दोन सर्किटांची आउटपुटं एकमेकांना जोडली होती. त्या म्हणाल्या होत्या, की एका आउटपुटमधून दोन ठिकाणी देता येतं, पण दोन आउटपुटं एका ठिकाणी आणून बांधायची नाहीत. दोघंही स्वतःचं खरं करायला जातील आणि दोघंही तापतील. आमच्या घरात नेमकं हे दोन्ही होतं. डेक एक आणि त्यातून दोन ॲम्प्लींना तारा, हे चालण्यासारखं. दोन ॲम्प्लींच्या तारा एका स्पीकरवर, हे कधीच चालण्यासारखं नव्हतं. एक चालू आणि एक बंद असताना ते निभावलं, एवढंच. तेव्हाही आवाज थोडा दबका यायचा आणि त्याचा दोष आम्ही कॅसेटला द्यायचो. ज्या दिवशी दोन्ही चालू झाले, त्या दिवशी स्पीकरकडे जायचं सोडून दोघांनी सगळा जोर एकमेकांवर काढला. ह्याला डबडं जबाबदार नव्हतं आणि दणकाही नव्हता.

काका रविवारी निघणार होता. अण्णा त्या दिवशी कामावर, पण दुपारी आले. काका उकिडवा बसून डावा स्पीकर सतरंजीत बांधत होता. आईने दोघांनाही जेवायला वाढलं नव्हतं, आधी कोणाला वाढायचं ह्याचाच तिला प्रश्न पडला असावा. मी अण्णांना पाण्याचा तांब्या दिला आणि ते बसल्यावर विचारलं, "अण्णा, कंपनीत लाइट गेल्यावर जनरेटर लावता ना. तेव्हा बाहेरच्या लाइनचं काय करता?"

"काय करता म्हंजी?"

"ती तशीच जोडलेली ठेवता का?"

"येडी हायस का? मधीच लाइट आली तर जनरेटर जाईल की आमचा. चेंजओव्हर असतो. आधी लाइन सोडायची, दांडा शून्यावर आणायचा, जरा थांबायचं, मग जनरेटर घ्यायचा. दोन्ही एकदम कसं लागंल?"

"मग आपला चेंजओव्हर कुठंय?"

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. ते उठून टेबलामागे गेले, वाकून तारा पाहिल्या आणि तिथेच उभे राहिले. मी मग दोन्ही ॲम्प्लींमध्ये काय जळलंय ते सांगितलं, काय जळलेलं नाही तेही सांगितलं. सांगताना माझी चूक झाली नाही. काकाचे हात गाठीवर थांबले होते. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "म्हंजी दोघं बी एकमेकातच करंट सोडायलते."

"अजून बी सोडायलेतच की," आई आतून म्हणाली.

काका उठला, सायकल काढली आणि गेला. गाठ अर्धी बांधलेली तशीच. आम्हाला वाटलं तळवड्याला गेला, आता मित्राला घेऊन सामानासाठी येईल. अण्णा जेवले नाहीत. ते दारात बसून रस्त्याकडे पाहत होते, आणि कोणी विचारलं असतं तर म्हशीकडे पाहतोय म्हणाले असते. दिवेलागणीला काका परत आला तेव्हा त्याच्या कॅरियरला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. कुदळवाडीच्या भंगारवाल्यांकडे फिरून त्याने एक चेंजओव्हर शोधून आणला होता. लोखंडी डबा, रंग उडालेला, पुढे हाताएवढा दांडा, त्याच्या एका बाजूला आकडा एक, दुसऱ्या बाजूला दोन आणि मध्ये शून्य. असा डबा मोठ्या मशीनच्या शेजारी भिंतीवर असतो. आमच्या खोलीत तो म्हणजे तुळशीसमोर बैल बांधल्यासारखा दिसला.

आणि तरीही तोच हवा होता, हे मला उघडल्यावर कळलं. त्यात चार वेगवेगळे मार्ग एकदम बदलतात, कारण कारखान्याच्या विजेला तीन तारा आणि एक न्यूट्रल असते. आपल्याला दोन स्पीकरच्या मिळून चारच तारा बदलायच्या होत्या, दोन लाल, दोन काळ्या. काळ्या तशाच एकत्र ठेवल्या तरी चालतील, असं काकाला वाटत होतं; मी नाही म्हटलं, कारण सगळ्या ॲम्प्लींमध्ये काळी तार आतून एकाच जागी जात नाही, म्हणून सोडायच्या तर चारही सोडायच्या. हे मी काकाला सांगितलं आणि त्याने ऐकलं. आत सगळं गंजलेलं होतं. अण्णांनी पेटीतून झिरो नंबरचा पॉलिश पेपर काढला आणि एकेक पट्टी घासायला बसले, तांबं लाल दिसेपर्यंत. दोघं भाऊ त्या डब्याच्या दोन बाजूंना बसले होते आणि अजूनही बोलत नव्हते. "सुमे, त्याला म्हणावं डबा धर नीट." "सुमन, दादाला सांग, धरलाय." मी सांगत होते. असं करत करत तो भिंतीला ठोकला गेला.

वाजवायला ॲम्प्ली नव्हतेच, ते दोन्ही उघडे पडले होते. म्हणून मी बॅटरीचा एक सेल घेतला. दांडा एकवर करून अण्णांच्या ॲम्प्लीच्या तारांना सेलची टोकं टेकवली, की उजवा स्पीकर टक वाजला, मग डावा. शून्यावर आणून टेकवली, काहीच नाही. काकाच्या तारांना हात लावणार तेवढ्यात अण्णा पुढे झाले. त्यांनी दांडा स्वतः दोनवर टाकला आणि काकाकडे पाहून म्हणाले, "आता तुझ्या बाजूनं लाव बघू, बापू."

काकाने सेल माझ्या हातातून घेतला आणि टेकवला. टक. मग दुसरा, टक. एवढंच वाजलं. आईने दोघांना एकदम वाढलं. डाव्या स्पीकरची सतरंजी नंतर कधीतरी मीच घडी घालून ठेवली.

ट्रान्झिस्टर पुण्याहून, बुधवार पेठेतून आणले. कॉलेजात मॅडमच्या समोर बसून मी दोन्ही ॲम्प्ली दुरुस्त केले आणि प्रत्येकाच्या आउटपुटला फ्यूज घातला, जो आधीच असायला हवा होता. घरी आल्यावर मागच्या तारांची मांडणीही बदलली. काकाने मध्यंतरी रेडिओ आणि डेक दोन्ही पिळून एका भोकात घातले होते, ते सोडवलं. प्रत्येकाला आपापलं भोक आणि निवडायला पुढचं बटण. आई म्हणाली, की एवढं शिकायला दोन वर्षं लागली का? मी हो म्हटलं. ते खरंही होतं आणि मला त्यात कमीपणा वाटला नाही. त्यानंतर घरात नवा रिवाज पडला, तो अण्णांनी घातला. आपलं ऐकून झालं की ॲम्प्ली बंद करायचा, दांडा शून्यावर आणायचा, जरा थांबायचं आणि मग दुसऱ्याच्या बाजूला टाकून ठेवायचा. येणाऱ्याने आपला खटका दाबायचा, बस. सकाळी काका उठला की दांडा दोनवर असायचा. दुपारी अण्णा आले की एकवर.

काका पुढे तळवड्याला गेलाच. लग्न झालं आणि दोन खोल्यांत दोन संसार मावेनात, एवढं साधं कारण. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा त्याने ॲम्प्ली घेतला आणि स्पीकरकडे पाहिलंही नाही. अण्णांनी दोन्ही स्पीकर उचलून टेम्पोत ठेवले, काकाने ते उतरवले, अण्णांनी परत ठेवले. शेवटी काकूने, जी घरात नवीन होती, विचारलं की जायचंय की नाही. जोडी आमच्याकडे राहिली. चेंजओव्हरच्या दोन नंबरच्या बाजूला तारा होत्या आणि त्यांच्या टोकाला काही नव्हतं. मी म्हटलं, तिथे टीव्हीचा आवाज जोडून देते. अण्णा नको म्हणाले. आणि रोज संध्याकाळी भजन संपलं की ते ॲम्प्ली बंद करायचे, दांडा शून्यावर आणायचे, जरा थांबायचे आणि दोनवर टाकून झोपायचे. आईने एकदा विचारलं, तिकडं कोण हाय आता. "असू दे," ते म्हणाले.

मी आता पिंपळे सौदागरला राहते. एका कारखान्याच्या टेस्टिंग खात्यातून निवृत्त झाले, मुलं आपापल्या कामाला. सोसायटीतले शेजारी घरी आले की आधी भिंतीवरचा तो लोखंडी डबा पाहतात आणि विजेचा मीटर घरात का, असं विचारतात. खाली तीच स्पीकरची जोडी आणि एकच्या बाजूला अण्णांचा ॲम्प्ली आहे. माझा मुलगा त्याला मोबाइलवरून गाणी पाठवायची काहीतरी डबी लावून गेला आहे; ती डबी म्हणजे आणखी एक डेकच, तिला आपलं वेगळं भोक दिलं की तिचा काही त्रास नाही. अण्णा जाऊन आता बराच काळ झाला.

बापूकाका दर खंडेनवमीला येतो. आधी सायकलवर यायचा, मग स्कूटरवर, आता नातू गाडीने सोडतो. मांडीवर त्याचा काळा ॲम्प्ली असतो, ज्याचे निम्मे दिवे लागत नाहीत. तो तारा स्वतः दोन नंबरला जोडतो. मला हात लावू देत नाही, पण मी जोडल्यावर पाहते आणि ते त्याला चालतं. गेल्या वर्षीही आम्ही पूजा केली, माझ्या मीटरची आणि त्याच्या व्हर्नियरचीही. आरती झाली. आधी अण्णांचा क्षणभर चालवून बंद केला. मग काकाने दोन्ही हातांनी दांडा धरला, एकवरून काढला आणि शून्यावर आणला. तिथे जरा थांबायचं असतं. तो थांबला, नेहमीपेक्षा बराच वेळ, आणि मला वाटलं हाताला जोर पुरत नसेल, म्हणून मी पुढे झाले. त्याने मान हलवून मला मागेच थांबवलं. मग दांडा दोनवर पडला आणि त्याने आपला खटका दाबला.